काडतूस आणि जखमी वाघ

'काडतूस' हा शब्द मराठीने पोर्तुगिजांकडून घेतला. ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतून तो आम्ही ऐकला, तो मात्र शिकारीच्या गोष्टींत. माधवराव महाराजांनी तर वाघाच्या शिकारीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्या गोष्टींत वाघाची लांबी हमखास सांगितली जाई. गोळी कोणती होती, हे क्वचितच.

काळ्या दारूच्या काळात गोळीचा जोर तिच्या वजनात असे. एका पौंड शिशातून नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या निघत, तितक्या 'बोअर'ची ती बंदूक. म्हणजे चार बोअरची गोळी पाव पौंडाची. तिचा धक्का खांद्याला सोसवत नसे आणि धुरापुढे जनावर दिसत नसे. १८९८ मध्ये लंडनच्या रिग्बीने कॉर्डाइट भरलेले ४५० मापाचे काडतूस आणले. त्याची ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २,१५० फूट वेगाने सुटे. आता वजनापेक्षा गोळीच्या आवरणाला महत्त्व आले. धातूने पूर्ण मढवलेली गोळी हत्तीचे हाड भेदते. वाघाच्या अंगातून मात्र ती आरपार निघून जाण्याचा संभव, आणि वाघ जखम घेऊन झाडीत शिरतो. म्हणून वाघासाठी टोकाशी शिसे उघडे ठेवलेली, आत शिरताच फुलणारी गोळी. याच जातीची गोळी कलकत्त्याजवळ दमदम येथे लष्करासाठी तयार झाली, आणि १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. माणसाला वर्ज्य ते वाघाला विहित!

पुढे १९०७ च्या सुमारास सरकारने ४५० मापाच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी घातली. त्याच मापाच्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांना दारूगोळा मिळू नये हा हेतू. विलायती कारागिरांनी लगोलग ४६५ आणि ४७० ही मापे काढली. शिकाऱ्याची आवडनिवड अशी पुष्कळदा सरकारी कचेरीतच ठरे.

चुकलेल्या गोळीची किंमत मचाणावर बसणाऱ्याला क्वचितच द्यावी लागे. ती हाकेवाला देई, किंवा पुढे कधीतरी रानात गवताला गेलेली बाई. १९०७ मध्ये जिम कॉर्बेटने चंपावतची वाघीण मारली, तेव्हा तिच्या नावावर ४३६ बळी नोंदलेले होते. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे तुटलेले आढळले. घाव बंदुकीचा होता, जुना. ती गोळी कोणाची, हे शिकारीच्या कोणत्याही वहीत नाही.