रेवदंडा, कोर्लई आणि मागे राहिलेली भाषा

अलिबागच्या बाजूला समुद्राकाठी कॉटेज घेतलं की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. सुरमई, झोप, पुन्हा सुरमई. माझंही काही वेगळं नव्हतं. पण गेल्या खेपेला रेवदंड्यात उतरलो आणि ठरवलं, की दोन दिवस नुसतं चालायचं. मजा आली म्हणून हे लिहितोय.

पहिली फेरी सकाळची, ओहोटीच्या वेळी. काळसर वाळूवरून किल्ल्याची बाहेरची तटबंदी धरून चालत सुटायचं. तट ढासळलाय, त्यात झाडांची मुळं घुसलीत. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि त्यांच्या मधूनच वर निघालेला एका चर्चचा उंच मनोरा. गावात त्याला सातखणी म्हणतात. आज मुख्य रस्ताच किल्ल्यातून जातो, त्यामुळे एसटीतून जाणाऱ्याला आपण पोर्तुगीजांच्या शहरातून चाललोय हे कळतही नाही!

पोर्तुगीज इथे आले कशाला? तर चौल बंदरासाठी. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात 'सेमुल्ला' म्हणून येतं ते हेच, असं मानतात. दख्खनच्या सुलतानांना अरबी घोडे लागायचे आणि ते समुद्रातून यायचे. १४६९च्या सुमाराला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलला उतरला. (पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडाच काढून घेतला, ती गोष्ट वेगळी.) रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. संध्याकाळी चौलच्या वाड्यांमधून रामेश्वराच्या देवळापर्यंत फेरी मारा, वाटेत तोही बघून घ्या.

पोर्तुगीजांना १५०८ साली चौलसमोरच्या आरमारी लढाईत सपाटून मार बसला. तरी ते हटले नाहीत. १५२१मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून परवानगी मिळवून त्यांनी किल्ला बांधायला घेतला. १५९४ला खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही निजामशाहीकडून जिंकला. मग १७३९ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि १७४०मध्ये चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले. विषय संपला.

असं मलाही वाटत होतं. दुसऱ्या दिवशी कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला गेलो. दीपगृहामागच्या पायऱ्या चढून किल्ल्यावर पोचलं, की एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे अरुंद धार. वर छप्पर उडालेलं चर्च, काही तोफा, पोर्तुगीज शिलालेख. फोटो काढले आणि खाली गावात आलो. खरा ऐवज तिथे होता.

एका दारात बसलेल्या आजी नातवाला हाक मारून काहीतरी सांगत होत्या. मला एक अक्षर कळेना. ही कोर्लईची क्रिस्ती भाषा. गावातले लोक तिला 'नॉ लिंग' म्हणजे आपली बोली म्हणतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण मांडणी आपल्या वळणाची. पोर्तुगीज माणूस 'मी खातो भात' अशा क्रमाने बोलेल, कोर्लईकर मात्र 'मी भात खातो' अशा. शेजारी मराठी, शाळा मराठी, म्हणून भाषेचं व्याकरणच हळूहळू बदलत गेलं. बोलणारी माणसं साधारण हजारभर.

आता जरा हिशोब करा. १५२१ ते १७४० म्हणजे २१९ वर्षं. त्यानंतर आजपर्यंत २८०हून जास्त. म्हणजे पोर्तुगीज इथे जितकी वर्षं होते, त्याहून जास्त वर्षं ही भाषा त्यांच्याशिवाय जगली आहे! ना राजा, ना सैन्य, ना शाळेचं पुस्तक. तट पडले, मनोरा खचतोय, आणि टिकलं काय, तर चुलीपाशी बसून पोराबाळांशी बोललेलं बोलणं.

पण नातवाने आजींना उत्तर दिलं ते मराठीत. त्याचं काय चुकलं? शाळा मराठीत, पुढे नोकरी अलिबागला नाहीतर मुंबईला. आपण तरी ऑफिसात दिवसभर कुठली भाषा बोलतो? माझी आजी जी बोली बोलायची ती मला समजते, पण बोलता येत नाही. परतताना हे डोक्यातून जाईना. किल्ल्याची डागडुजी सरकार करू शकतं, पण आजीच्या हाकेला उत्तर तिच्याच भाषेत द्यायचं काम घरातल्यांनाच करावं लागतं.

असो. कोर्लईला गेलात तर गावातून पायी जा, सावकाश जा, आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. ती लोकांची घरं आहेत, संग्रहालय नाही.

आणि हो, पोर्तुगीज पूर्ण गेले असं समजू नका. पाव, बटाटा, काजू, चावी आणि हापूस, हे सगळे त्यांच्याकडूनच आलेले शब्द. आणि ज्याच्या जोरावर आपण ही कॉटेजं बुक करतो, तो 'पगार' सुद्धा!