कोट, टी-शर्ट आणि मनूचा दहावा अध्याय

बाबासाहेबांचा सूट म्हणजे इंग्रजांची नक्कल, असे म्हणणाऱ्यांनी मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाचावा. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, असा तिथे हुकूम आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला तो ग्रंथ जाळला गेला. तिथेच बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, लुगडे उच्चवर्णीय बायकांसारखे नेसा, अस्पृश्यतेची खूण ठरणारे दागिने टाका. गांधींनी १९२१ मध्ये मदुराईत कपडे स्वेच्छेने उतरवले. आमच्या माणसांना ते अंगावर चढवण्यासाठी लढावे लागले.

आता टी-शर्टवर ब्लेझर, खाली स्नीकर्स ही शहरी फॅशन. आपल्या पोरांनीही खुशाल करावी. पण मुलाखतीला जाताना आपलाच शर्ट इतरांपेक्षा कडक इस्त्रीचा का लागतो, मित्रांनो?