भट्टीपुढची विद्या

सोलापूर म्हटले की बाहेरच्या माणसास चादर आठवते, आणि त्यात गैर काही नाही. परंतु या शहराचा इतिहास सांगताना कापूस आणि सूत यांचीच गणती झाली. ज्या लोखंडावर ते सूत कातले गेले त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. गिरणीतील यंत्रे झिजत, चाकांचे दाते मोडत, बुश घासत. आणि प्रत्येक वेळी विलायतेहून भाग मागवून चालण्यासारखे नव्हते. म्हणून साच्यावरच्या कामगाराबरोबर या गावात फिटर, लोहार आणि ओतारी यांनाही काम मिळाले. धातूच्या धंद्यात उभे राहण्यास माणसाला काय काय यावे लागते, हा प्रश्न आज तरुणांपुढे पोटाचा प्रश्न म्हणून उभा आहे. त्याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधणार आहोत, आणि तेही बहुतेक आमच्या आसपासच्याच इतिहासात.

सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. तेथील तटावर ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ पाहिली नाही असा सोलापूरकर विरळा. ही तोफ मूळची विजापूरची नव्हे. १५४९ साली अहमदनगरच्या निजामशाहीत महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. पुढे ती आपल्या शेजारच्या परांड्याच्या किल्ल्यात होती आणि तेथून १६३२ साली विजापुरास गेली. लांबी सव्वाचार मीटरांहून अधिक, वजन पंचावन्न टनांच्या घरात. पाहणारा तिच्या तोंडावरील सिंहाचा जबडा पाहून थक्क होतो. आम्हांला नवल वाटते ते तिच्या धातूचे. त्यात शंभर भागांत सुमारे ऐंशी भाग तांबे आणि वीस भाग कथील आहे. तांब्यात कथील घातले की रस लवकर वितळतो आणि थंड झालेला धातू कठीण होतो. पण कथील वाढत गेले की तो ठिसूळही होतो. कठीणपणा आणि ठिसूळपणा यांमधली रेघ ओतणाऱ्याला ठाऊक असावी लागते. शिवाय एवढा रस एका भट्टीत मावण्यासारखा नाही. अनेक भट्ट्यांची तोंडे एकाच सुमारास उघडून तो साच्यात उतरवावा लागला असणार. साचा किंचित ओला राहिला असता तर वाफेने तो फुटून माणसे भाजली असती. रूमीचे नाव तोफेवर कोरलेले आहे. साचा भरणाऱ्या, भाता ओढणाऱ्या, रस वाहणाऱ्या माणसांची नावे नाहीत, आणि त्यांनी हे कसे साधले याचा कागदही त्यांनी मागे ठेवलेला नाही.

दुसरे उदाहरण पूर्वेकडचे आहे. आमच्या शहरातील पद्मशाली बांधवांचे पूर्वज ज्या तेलंगणातून आले, त्याच तेलंगणात निजामाबादच्या बाजूला कोनसमुद्रम नावाचे गाव आहे. तेथे मातीच्या मुशीत लोखंड बंद करून, दीर्घकाळ आंच देऊन आणि मग सावकाश थंड करून जे पोलाद होई त्याला युरोपात ‘वूट्झ’ म्हणत. हे पोलाद इराणपर्यंत जाई आणि त्याच्या तलवारी होत. १८२०च्या दशकात डॉ. हेन्री व्हॉयसी याने तेथील भट्ट्या पाहून त्यांचे वर्णन लिहिले, त्या वेळीही हे काम चालू होते. शतक संपेपर्यंत मात्र ही विद्या जवळजवळ नाहीशी झाली. विलायतेचे स्वस्त लोखंड आले, जंगलांवर निर्बंध येऊन कोळसा महागला, ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण होते. ही विद्या बापाकडून मुलाकडे हातोहात जात होती. मुलाने भट्टी सोडली की तीही त्याच्याबरोबर गेली.

याच पोलादाचा एक तुकडा लंडनला गेला आणि मायकेल फॅरडेच्या हाती पडला. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. शाळा बेताची, आणि पोट भरण्यासाठी पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारी. १८१२ साली तो हम्फ्री डेव्ही यांच्या जाहीर व्याख्यानांना जाऊन बसला, त्यांची टिपणे काढली, ती स्वतः बांधून डेव्हींकडे पाठवली, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. व्याख्यानमालेच्या श्रोत्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १८१९ साली त्याने वूट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्या पोलादाच्या गुणाचे कारण त्याने अ‍ॅल्युमिनात शोधले, आणि ते पुढे बरोबर ठरले नाही. मुख्य कारण त्यातील कार्बनाचे मोठे प्रमाण हे होते. परंतु फॅरडेचे चुकलेले लिखाण पुढच्यांना दुरुस्त करता आले, आणि कोनसमुद्रमच्या लोहाराची अचूक विद्या त्याच्याबरोबर मातीत गेली. धातूच्या कामात नोंदीचे मोल किती, ते यावरून कळावे.

आता नांगराकडे वळू. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव सोडून औंध संस्थानात कुंडल स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी समजूत त्या काळी शेतकऱ्यांत होती. ती हळूहळू गेली. नांगराच्या फाळाचा प्रश्न मात्र समजुतीने सुटणारा नव्हता. फाळ मऊ असेल तर मुरमाड जमिनीत चार दिवसांत बोथट होतो. सबंध कठीण असेल तर दगडावर आपटून तुटतो. यावरचा एक तोडगा इंग्लंडातील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली पेटंट केला होता. बिडाचा फाळ ओतताना एका बाजूचा रस थंड लोखंडाला भिडवून तो चटकन गोठवायचा. ती बाजू कठीण होते, दुसरी त्या मानाने मऊ राहते. शेत नांगरता नांगरता मऊ बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते.

रस तोच, भट्टी तीच; फरक थंड होण्याच्या वेगाचा. बिडात शेकडा तीन-साडेतीन भाग कार्बन असतो. रस सावकाश गोठला तर तो कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने सुटा होतो, आणि बीड करड्या रंगाचे, कातता येण्याजोगे होते. चटकन गोठला तर कार्बनाला सुटे व्हायला सवड मिळत नाही. तो लोखंडाशी जखडून कार्बाइड बनतो, आणि बीड पांढरे व अत्यंत कठीण होते. सिलिकॉन वाढवले की ग्राफाइटला मदत होते, क्रोमियम घातले की कार्बाइडला. एवढे कारण ज्याला समजले, तो फाळापुरता अडकून राहत नाही.

याचा पुरावा सोलापुरातच आहे. १९९२ साली येथे स्थापन झालेल्या ‘प्रिसिजन कॅमशाफ्ट्स’ या कारखान्यात मोटारींच्या इंजिनांचे कॅमशाफ्ट ओतले जातात आणि देशाबाहेरही जातात. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा दांडा. त्याचे उंचवटे अहोरात्र घासतात, म्हणून ते कठीण हवेत. दांडा मात्र कातता, भोके पाडता येईल असा हवा. वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी लोखंडाचे तुकडे बसवतात. कारखान्यात त्यांना ‘चिल’च म्हणतात. रस तेथे चटकन गोठतो, इतरत्र सावकाश. फाळाची विद्या इंजिनात गेली, ती केवळ हाताने गेली नाही. कारण कळले होते आणि लिहिले गेले होते म्हणून गेली.

तेव्हा या धंद्यात काय यावे लागते? प्रथम हात आणि डोळा. मुठीत वाळू दाबून तिचा ओलावा ओळखणे, रसाचा रंग वाचणे, साच्यातून वायू निघून जायला वाट ठेवणे, पाणी देताना अवजार किती लाल असावे हे जाणणे. ही विद्या तुच्छ नाही. यंत्रे आली तरी ती संपलेली नाही. दुसरे, कारण. त्यासाठी रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान यांची तोंडओळख, लोखंड आणि कार्बन यांचा आलेख वाचता येणे, सूक्ष्मदर्शकाखाली घासून चकचकीत केलेल्या धातूतले कण ओळखणे, स्पेक्ट्रोमीटरच्या आकड्यांचा अर्थ लावणे, आणि गणिताची भीती नसणे. तिसरे, नोंद. कोणत्या घाण्यात काय घातले, किती अंशांवर ओतले, कोणता नग का बाद झाला, हे लिहिण्याची शिस्त. बाद नगाची कारणे लिहून ठेवणारा कामगार कारखान्याला आणि स्वतःला दोघांनाही शिकवतो.

ही दुसरी विद्या आमच्या देशात उशिरा दारे उघडून आली. जमशेदपुरास १९१२ साली पोलाद निघू लागले तेव्हा भट्ट्यांवरचे जाणकार बहुतेक परदेशी होते. भारतीय तरुण तयार करण्यासाठी तेथे १९२१ साली तांत्रिक शाळा निघाली. बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयात १९२३ साली धातुशास्त्राचे शिक्षण सुरू झाले, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात १९४८ साली. आज आय.टी.आय.मध्ये फौंड्रीमनचा अभ्यासक्रम आहे, त्यापुढे पदविका व पदवी आहे.

कामगार चळवळीत आयुष्य गेल्यामुळे आम्ही या गोष्टीकडे दुसऱ्याही बाजूने पाहतो. सोलापूरच्या मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे फिटर दुसऱ्या दारी गेले. त्यांना विचारले गेले ते प्रमाणपत्र. ते नव्हते, म्हणून तीस वर्षे कुशल म्हणून राबलेला माणूस हेल्परच्या पगारावर लागला. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या ठरत गेल्या. वाटाघाटीच्या टेबलावर आम्हांला दिसले की ज्याला आपले काम शब्दांत मांडता येत नाही त्याची पायरी दुसरे लोक ठरवतात. आणि प्रश्न पगारापुरताही नाही. ओतशाळेतील वाळूची बारीक धूळ फुप्फुसात बसते व सिलिकोसिस जडतो. १९४८ च्याच कारखाना कायद्याने हा रोग कळवणे सक्तीचे केले. पण वाळूतले सिलिका म्हणजे काय, ओली वाळू आणि कोरडी धूळ यांत फरक काय, हे ज्याला ठाऊक आहे तोच पंखा आणि मुखपट्टी हक्काने मागतो. इतरांना तो खोकला नशिबाचा वाटतो.

म्हणून पालकांना आमचे सांगणे असे की मुलगा वा मुलगी फौंड्रीत जाते म्हणून कमीपणा मानू नका. मात्र तिने वही घेऊन जावे, एवढा आग्रह धरा. कारखानदारांना सांगणे असे की प्रयोगशाळेचे दार साच्यावरच्या माणसासाठी आठवड्यातून एक तास उघडा. आणि आमच्या संघटनांनी बोनसच्या मागणीशेजारी शिकवणीच्या तासाचीही मागणी लिहावी. रूमीच्या तोफेवर ओतणाऱ्या मजुरांची नावे राहिली नाहीत, त्याला आता इलाज नाही. उद्या या शहरात जे ओतले जाईल, त्याचे कारण सांगणारी माणसे ते ओतणाऱ्यांतूनच निघावीत, हे मात्र आपल्याला करता येण्यासारखे आहे.