परिचर्या सिद्धांत

परिचर्या सिद्धांत : रुग्ण, आरोग्य, भोवतालची परिस्थिती आणि परिचर्या या चार गोष्टींचा परस्परसंबंध उलगडणारी व परिचारिकेच्या कामाला दिशा देणारी शास्त्रीय मांडणी. रोगाचे निदान आणि औषधयोजना हे वैद्यकाचे क्षेत्र होय. आजारी माणसाला श्वास, आहार, झोप, स्वच्छता, हालचाल आणि धीर यांसाठी कोणती मदत, किती आणि केव्हापर्यंत लागेल, हे ठरवणे परिचर्येचे. हा निर्णय केवळ सवयीने न घेता विचारपूर्वक घेता यावा, हे सिद्धांताचे प्रयोजन.

पूर्वपीठिका : चरकसंहितेने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी स्नेह व शुचिता हे परिचारकाचे चार गुण तेथे सांगितले आहेत. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. आधुनिक सिद्धांताचा पाया फ्लॉरेन्स नायटिंगेल (1820–1910) यांनी 1859 मधील ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या पुस्तकात घातला. शुद्ध हवा, स्वच्छ पाणी, उजेड, सांडपाण्याचा निचरा आणि शांतता मिळाली की निसर्ग बरे करण्याचे काम करू शकतो, अशी त्यांची धारणा होती. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. घरोघरी चालणारी सेवा त्यामुळे मान असलेला व्यवसाय होऊ लागली.

प्रमुख सिद्धांत : हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी 1952 मध्ये परिचारिका व रुग्ण यांच्यातील नात्यालाच उपचाराचे साधन मानले. व्हर्जिनिया हेंडरसन यांनी माणसाच्या 14 मूलभूत गरजा सांगितल्या. डोरोथिया ओरेम यांच्या 1971 मधील मांडणीत ‘स्व-काळजी’ केंद्रस्थानी आहे : रुग्णाला जे जमत नाही तेवढेच परिचारिकेने करावे, जे जमण्याजोगे आहे ते शिकवावे. कॅलिस्टा रॉय यांनी आजाराशी जुळवून घेण्याच्या प्रक्रियेचा, मॅडेलिन लेनिंजर यांनी रुग्णाच्या संस्कृतीचा, तर जीन वॉटसन यांनी आस्थेचा विचार मांडला.

नवी मुंबईतील संदर्भ : 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर वसत गेलेल्या या शहरात नेरूळचे डी. वाय. पाटील, कामोठ्याचे एमजीएम अशा संस्थांची रुग्णालये व परिचर्या महाविद्यालये आहेत. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग संशोधन व उपचार चालतात. आगरी-कोळी गावठाणे, तळोज्याच्या कारखान्यांतले परप्रांतीय कामगार आणि उंच इमारतींत एकटे राहणारे वृद्ध अशी येथील लोकवस्ती आहे. एकाच साच्यातला सल्ला येथे सर्वांना लागू पडत नाही. रक्तदाब वाढलेल्या कोळिणीला ‘मीठ कमी करा’ एवढेच सांगून भागत नाही. सुकट, सुके बोंबील आणि खारवलेली मासळी यांतून पोटात जाणाऱ्या मिठाचा हिशेब तिच्या ताटावरूनच करावा लागतो. लेनिंजर यांचा सिद्धांत हेच सांगतो.

इन्सुलिन सुरू झालेल्या मधुमेही रुग्णाबाबत ओरेम यांचा विचार प्रत्यक्षात उतरतो. आधी सिस्टर इंजेक्शन देते व प्रत्येक पायरी दाखवते. मग रुग्ण सिरिंजमध्ये युनिट मोजून भरतो, ती पाहते. शेवटी तो स्वतः टोचून घेतो. घरी जाण्यापूर्वी ती विचारते, ‘काका, घरी फ्रिज आहे का?’ नसेल, तर कुपी बंद डब्यात घालून पाण्याने ओल्या राखलेल्या मातीच्या मडक्यात थंड कशी ठेवायची, हे समजावते. हा एक प्रश्न राहून गेला, तर रुग्णालयातले सारे उपचार घराच्या उंबऱ्याशी थांबतात.

आधुनिक उपयोग : सिद्धांत वॉर्डात पोहोचतो तो परिचर्या प्रक्रियेतून. तिच्या पाच पायऱ्या म्हणजे मूल्यमापन, परिचर्या-निदान, नियोजन, अंमलबजावणी आणि फेरतपासणी. ड्युटी बदलताना ‘ओव्हर’ देणारी परिचारिका सलाइन व औषधांबरोबर रुग्णाला झोप लागली का, कुशीवर शेवटचे केव्हा वळवले, कशाची भीती वाटते, हेही सांगते, तेव्हा हेंडरसन यांच्या गरजांची यादी जिवंत होते. अतिदक्षता विभागात यंत्रांचे आवाज व अखंड दिवे यांमुळे झोप मोडते. तेथे नायटिंगेल यांचा शांततेचा आग्रह आजही तितकाच मोलाचा आहे.

मर्यादा : बहुतेक सिद्धांत अमेरिकेत घडले आणि त्यांत व्यक्तीच्या स्वावलंबनावर भर आहे. आपल्याकडे रुग्णाच्या उशाशी सून, मुलगा किंवा शेजारीण बसलेली असते. म्हणून शिक्षण साऱ्या कुटुंबाला द्यावे लागते. दुसरी अडचण मनुष्यबळाची. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार सर्वसाधारण वॉर्डात अध्यापन रुग्णालयात 3, तर इतर रुग्णालयांत 5 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. एकटीवर भरलेला वॉर्ड सोपवला, तर तिचा वेळ औषधे आणि नोंदींतच संपतो व ऐकणे सर्वांत आधी सुटते. शुश्रूषेचा मूळ अर्थ जपायचा, तर ऐकण्यापुरता वेळ परिचारिकेच्या ड्युटीत राखणे ही रुग्णालयाची जबाबदारी ठरते.