दोन भाषांचा दिग्दर्शक

व्ही. शांताराम म्हटले की आपल्याला कोल्हापूर आठवते. मला मात्र त्यांच्या चरित्रातले हुबळी तितकेच महत्त्वाचे वाटते. १९०१ साली जन्मलेल्या या मुलाने उमेदीच्या वयात हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम केले आणि तिथल्याच चित्रपटगृहात सिनेमाची ओळख करून घेतली. पुढे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली उमेदवारी झाली आणि १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ उभी राहिली.

त्यांच्या चित्रपटांवरचे पहिले वाद नावांवरून झाले. १९३० साली ‘स्वराज्याचे तोरण’ तयार झाला. शिवाजी महाराज स्वतः शांतारामांनीच रंगवले. सरकारी सेन्सॉरला ‘स्वराज्य’ हा शब्द खुपला आणि चित्र ‘उदयकाल’ या नावाने पडद्यावर आले. १९३५ साली एकनाथांवरच्या ‘महात्मा’चेही तेच झाले. अस्पृश्यतेचा निषेध करणारे हे नाव गांधीजींची आठवण करून देईल, म्हणून ‘धर्मात्मा’! एकनाथ होते बालगंधर्व. नाव बदलले, आशय मात्र पुसता आला नाही.

आपल्यासारख्या दुभाषी मुलखाला त्यांची दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटावी. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) ही चित्रे मराठी व हिंदी अशी दोनदा चित्रित झाली. ‘माणूस’ची नायिका शांता हुबळीकर कानडी मुलखातली, तिच्या तोंडच्या एका गाण्यात अनेक भाषांतली कडवी आहेत. ‘पडोसी’त मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान. देश फाळणीकडे निघाला असताना केलेली ही पात्रनिवड मला भाषणापेक्षा बोलकी वाटते.

१९४२ साली ते भागीदारांपासून वेगळे झाले व मुंबईत ‘राजकमल’ उभारले. औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ला (१९५७) बर्लिनमध्ये गौरव मिळाला. पुढच्या ‘नवरंग’सारख्या चित्रांतला भडक रंग आणि नृत्याचा सोस टीकाकारांना रुचला नाही, ती टीका मलाही बरीचशी पटते.

१९९० साली ते गेले. एका भाषेवर प्रेम करायला दुसरीचा द्वेष लागत नाही, हे त्यांनी पडद्यावर दाखवले. आपल्या घरांतल्या मुलांना आज तेवढे जरी उमगले, तरी पुष्कळ झाले.