आठ क्रूनला एक मार्क

शनिवार, २० जून १९९२. तालिनमध्ये रात्र अशी झालीच नाही. उत्तरेच्या या टोकाला जून महिन्यात अंधार पडतो न पडतो तोच फटफटायला लागतं. पहाटे चार वाजता कायदा लागू झाला, आणि तुमच्या खिशातले रुबल एस्टोनियात चलन म्हणून संपले. जे काही जवळ आहे ते तीन दिवसांत बदलून घ्यायचं आहे. आज, उद्या आणि सोमवारी.

तुम्ही रांगेत उभे आहात. व्हरांड्यात टेबलं मांडलेली, टेबलांवर रहिवाशांच्या याद्या. नियम एव्हाना पोरासोरांनाही पाठ झाला आहे. माणशी १५०० रुबल, दहाला एक या दराने. म्हणजे नव्या चलनात हातात येणार १५० क्रून. त्याहून जास्त रोकड असेल तर तिला पन्नासाला एक. तालिनमधल्या प्राध्यापकाला हाच नियम आणि रशियाच्या सीमेवरच्या नार्वातल्या सूतगिरणीत राबणाऱ्या, घरात रशियन बोलणाऱ्या बाईलाही हाच. १५० क्रून म्हणजे पावणेएकोणीस जर्मन मार्क, जेमतेम बारा डॉलर. पुढचा पगार हातात पडेपर्यंत एवढ्यावर भागवायचं.

तुमच्या पुढे डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी आहेत. त्यांची आयुष्यभराची बचत बँकेच्या पुस्तकात आहे आणि तिला दहाला एक हाच दर मिळणार आहे. ऐकायला बरं वाटतं. पण या एकाच वर्षात भाव दहापटीहून अधिक चढत आहेत; वार्षिक महागाई १००० टक्क्यांच्या वर आहे. ज्या रकमेवर आजींना म्हातारपण काढायचं होतं, तिच्यात आता फार तर काही आठवड्यांचा बाजार येईल. आज त्यांचं कोणी काही काढून घेत नाही. जे जायचं होतं ते या रांगेच्या आधीच गेलं आहे. नव्या चलनाच्या गौरवकथांमध्ये अशा आजींना दोन ओळीही मिळत नाहीत, म्हणून जरा वेळ त्यांच्यापाशी थांबा. टेबलापाशी पोचल्यावर त्या नोटा दोनदा मोजतात, एक उलटीसुलटी करून पाहतात आणि पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवतात.

आता थोडं मागे चला, याच वर्षाच्या हिवाळ्यात आणि वसंतात. एस्टोनिया ऑगस्ट १९९१ मध्ये स्वतंत्र झाला आहे, तालिनमधल्या टूम्पेआच्या बुरुजावर निळा-काळा-पांढरा झेंडा आहे, पण नोटा छापण्याचं यंत्र मॉस्कोत आहे. रशियाने भाव मोकळे सोडले की इथे महागाई भडकते. मॉस्कोहून रोकड आली नाही की इथे पगार थांबतात, तेही कामगाराने काम केलेलं असताना. दुकानांच्या फळ्या रिकाम्या आहेत. घरं गरम ठेवायला इंधन पुरत नाही. बंदरापाशी हेलसिंकीहून येणारी बोट लागते तिथे फिनिश मार्क आणि डॉलर चालतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याला सगळं मिळतं. देश आपला आणि किमती दुसऱ्याच्या, अशी ही अवस्था. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे लोक आधी सांगत होते की घाई करू नका, रुबलमध्येच थांबा. एस्टोनियाने ऐकलं नाही. तीन माणसांची समिती नेमली: पंतप्रधान तीत वॅही, मध्यवर्ती बँकेचे प्रमुख सीम कल्लास आणि स्वीडनमध्ये आयुष्य गेलेले अर्थतज्ज्ञ रुडॉल्फ यालाकास. चलनाबाबतचा शेवटचा शब्द या तिघांचा. रुबलच्या जुन्या घरातून सगळ्यात आधी बाहेर पडलेला देश हा, जेमतेम पंधरा लाख वस्तीचा.

पण नोट कोणीही छापू शकतो. तिच्यामागे तारण काय, हा खरा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी तुम्हाला आणखी मागे जावं लागेल, १९४० मध्ये.

उन्हाळा आहे. सोव्हिएत फौजा देशात शिरल्या आहेत. त्यावेळीही इथे क्रूनच चालतो. १९२८ साली तो जुन्या एस्टोनियन मार्काच्या जागी आला होता. लवकरच त्याचा भाव ठरवला जाईल, एक क्रूनला सव्वा रुबल. खऱ्या किमतीच्या तो कितीतरी खाली आहे. बाजारात उभे राहिलात तर दिसेल, रुबल घेऊन आलेला माणूस बूट, घड्याळं, कापडाचे तागे, जे मिळेल ते उचलतो आहे, आणि दुकानदाराच्या गल्ल्यात कागद साठतो आहे. ही लूट पिस्तूल न काढता झाली. विनिमयाचा दर पुरेसा होता. ज्या पिढीने हे पाहिलं तिने ते नातवंडांना सांगितलं, आणि १९९२ च्या रांगेत ती नातवंडं उभी आहेत.

तरी एक गोष्ट हाताबाहेर गेली नव्हती. देशाचं सोनं युद्धाआधीच परदेशी तिजोऱ्यांत ठेवलेलं होतं: बँक ऑफ इंग्लंड, स्वीडनची रिक्सबँक आणि बाझेलची आंतरराष्ट्रीय तडजोड बँक. स्वीडनने आपल्याकडचं सोनं १९४० मध्येच सोव्हिएत सत्तेच्या हवाली केलं. ब्रिटनने बरीच वर्षं सांभाळलं, मग १९६७ साली मॉस्कोशी हिशेब मिटवताना विकून टाकलं. बाझेलच्या बँकेने मात्र ते दिलं नाही. देश नकाशावरून पुसला गेला तरी त्याचं खातं वहीत उघडं राहिलं. या बँकेविषयी मला फारशी आपुलकी नाही, पण इथे तिला मान द्यायलाच हवा. १९९२ साली तिघांकडूनही भरपाई आली. स्वीडन आणि ब्रिटनने तेवढंच सोनं पुन्हा उभं करून दिलं. एकूण ११.३ टन. बावन्न वर्षं मालक नसलेलं सोनं मालकाकडे परत आलं, आणि तेच क्रूनचं तारण झालं. कमी पडेल म्हणून संसदेने सरकारी जंगलंही बँकेच्या नावे केली, १५ कोटी डॉलर किमतीची. पाइन, बर्च आणि स्प्रूसची झाडं, तशीच उभी.

मग कायदा झाला. एक जर्मन मार्क म्हणजे आठ क्रून. जितकं सोनं आणि परकीय चलन तिजोरीत, तितक्याच नोटा बाहेर. बँकेला क्रूनचा भाव उतरवण्याचा अधिकार नाही. तसं करायचं तर संसदेत जाऊन कायदाच बदलावा लागेल. सरकारला कर्ज द्यायला बँक नोटा छापू शकत नाही. म्हणजे कल्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःचेच हात बांधून घेतले, आणि सगळ्यांना दिसेल असे बांधले. ज्या देशाने सत्ताधाऱ्याच्या हातातला दर काय करू शकतो हे भोगलं होतं, त्याला हाच मार्ग पटणार होता.

परत रांगेत या. तुमचा नंबर लागला आहे. टेबलामागची मुलगी तुमचं नाव यादीत शोधते, रुबल मोजून घेते आणि नवे, करकरीत कागद पुढे सरकवते. काहींवर १९९१ हे साल छापलेलं आहे, कारण ते गेल्याच वर्षी अमेरिकेत छापून ठेवले होते. आणि हे चेहरे पाहा. लेनिन नाही. राजा नाही, सेनापती नाही.

एक क्रूनवर चित्रकार क्रिस्त्यान राऊद. दोनवर कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर, ज्याने १८२७ मध्ये सस्तन प्राण्यांचं अंडं प्रथम दाखवून दिलं. मागे तार्तू विद्यापीठ. पाचवर पॉल केरेस. बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी घरात हे नाव ओळखीचं असेल. जगज्जेतेपदाच्या दारापर्यंत चार वेळा जाऊन परतलेला माणूस, कायम दुसरा. सोव्हिएत संघाकडून खेळला, पण लोकांनी त्याला कधी परका मानलं नाही. १९७५ मध्ये तो गेला तेव्हा तालिनच्या रस्त्यांवर लाखभर माणसं उतरली होती. त्याचा जन्म नार्वाचा, म्हणून नोटेच्या मागे नार्वाचा किल्ला आहे आणि नदीपल्याडचा इव्हानगोरोदचा किल्लाही. दोन दगडी भिंती समोरासमोर, मधून नदी. अलीकडे एस्टोनिया, पलीकडे रशिया. एका देशाच्या नोटेवर दुसऱ्या देशाचा किल्ला, आणि तोही न झाकता. हे मला फार आवडतं.

दहाच्या नोटेपाशी मी तुम्हाला मुद्दाम थांबवतो. हा याकोब हुर्ट, धर्मगुरू. १८८८ साली त्याने वर्तमानपत्रांतून हाक दिली की तुमच्या गावातली गाणी, म्हणी, उखाणे, कथा लिहून पाठवा. शिक्षक, शेतकरी, गावचे कारकून असे शेकडो लोक लिहीत राहिले. एक लाखाहून अधिक पानं जमली. बायकांनी कामाच्या वेळी म्हटलेली ती गाणी म्हणजे आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची बहीणच समजा. ज्यांच्याकडे राज्य नव्हतं, सैन्य नव्हतं, त्यांनी हा साठा केला. मागच्या बाजूला उर्वास्तेचा तम्मे-लाउरी ओक आहे, देशातला सर्वांत जाड बुंध्याचा वृक्ष.

पंचविसावर कादंबरीकार तम्मसारे. त्याच्या ‘सत्य आणि न्याय’ या पाच खंडांच्या कादंबरीत एक शेतकरी दलदलीची जमीन विकत घेतो आणि चर खणत आयुष्य घालवतो. नोटेच्या मागे तेच वार्गामॅएचं शेत आहे.

आणि शंभराच्या नोटेवर लिडिया कोइदुला. एकोणिसाव्या शतकातल्या छोट्या गावातली मुलगी, वडिलांच्या वर्तमानपत्राचं अर्धं काम अंगावर घेतलेली, आधी नाव न देता कविता लिहिणारी. लग्नानंतर ती क्रोनश्टाटला गेली आणि तिथेच १८८६ मध्ये वारली, मायदेशापासून दूर. तिच्या एका देशकवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी नवी चाल दिली, आणि राष्ट्रगीतावर बंदी असलेल्या वर्षांत लोकांनी तेच गाणं राष्ट्रगीतासारखं उभं राहून म्हटलं. १९६० च्या गीतमहोत्सवात ते कार्यक्रमात नव्हतं. लोकांनी तरी म्हटलं. आता त्या कवयित्रीच्या चेहऱ्याचा कागद तुमच्या हातात आहे, मागे चुनखडीचा उंच कडा आणि खाली समुद्र. या नोटेसाठी १९९२ मध्ये साडेबारा मार्क मिळतात. कविता लिहिणाऱ्या बाईच्या नावावर इतका विश्वास आणखी कुठे ठेवला गेला असेल, मला आठवत नाही.

नाणी पाकिटात खुळखुळतात. त्यांच्यावर तीन सिंह आहेत, तेराव्या शतकात डेन्मार्कच्या राजांबरोबर इथे आलेले.

आठवडा जातो. २८ जूनला राज्यघटनेवर मतदान आहे. होय, या देशात पैसा आधी आला, घटना नंतर. आणि इथे नार्वाच्या त्या गिरणीतल्या बाईंकडे पुन्हा वळायला हवं. क्रून त्यांना सगळ्यांच्या बरोबरीने मिळाले, पण मतदान फक्त नागरिकांचं आहे, आणि नागरिक म्हणजे १९४० च्या आधीचे नागरिक व त्यांचे वंशज. सोव्हिएत काळात येऊन वसलेल्यांना मत नाही. मागचा इतिहास पाहता हा निर्णय का झाला ते कळतं. तरी वर्षानुवर्षं इथे राबलेल्या माणसाला बाजारात घेतलं आणि मतपेटीपाशी थांबवलं, ही गोष्ट मला खुपते. पाचच्या नोटेवरची नदी त्या बाईंच्या खिडकीतून दिसते.

नोव्हेंबरमध्ये नव्या चलनाची पहिली खरी परीक्षा आहे. तीन मोठ्या बँका अडचणीत येतात, त्यांत तार्तू व्यापारी बँकही. बँकेच्या दाराशी ठेवीदार जमले आहेत. तुम्हीही त्यांच्यात आहात. कुठल्याही देशात अशा वेळी मध्यवर्ती बँक नोटा छापून बुडत्याला हात देते. इथे कायद्याने ते करता येत नाही. तार्तूची बँक बंद होते, अनेकांचे पैसे जातात. त्या दिवशी जे बुडले त्यांना ‘क्रून मात्र टिकला’ हे वाक्य सांगायची हिंमत कोणाला होईल? पण टिकला, हेही खरं.

वर्षं पळवा. १९९४ मध्ये पन्नासची नवी नोट येते, संगीतकार रुडॉल्फ टोबियास यांची. मागे तालिनचं ‘एस्टोनिया’ नाट्यगृह. त्याच वर्षी शेवटचे रशियन सैनिक निघून जातात. १९९९ मध्ये जर्मन मार्क युरोला जोडला जातो, एक युरोला १.९५५८३ मार्क.

आणि आता १ जानेवारी २०११, मध्यरात्र उलटून काही मिनिटं. बर्फ पडलेलं आहे. तुम्ही त्याच ‘एस्टोनिया’ नाट्यगृहासमोर उभे आहात, पन्नासच्या नोटेवर होतं ते. खास बसवलेल्या एटीएमपाशी पंतप्रधान आंद्रुस अन्सिप उभे आहेत; ते यंत्रातून पहिल्या युरोच्या नोटा काढतात आणि कॅमेऱ्यांसमोर धरतात. क्रून आणखी दोन आठवडे चालेल, मग संपेल. आसपासच्या गर्दीत काही चेहरे उतरलेले आहेत. अठरा वर्षांचा सहवास होता.

विनिमयाचा दर जाहीर झाला आहे, एक युरोला १५.६४६६ क्रून. आता हा आकडा फोडून पाहा. १.९५५८३ ला आठने गुणा. १५.६४६६४ येतात. १९९२ च्या जूनमध्ये तिघांच्या समितीने मांडलेला आठ हा आकडा तसाच्या तसा आत बसलेला आहे. मधल्या काळात बँका बुडाल्या, १९९८ मध्ये रशियाचा रुबल कोसळला, २००९ मध्ये देशाची अर्थव्यवस्था जवळजवळ सातव्या हिश्श्याने आक्रसली, तज्ज्ञांनी कितीदा सुचवलं की आता तरी भाव उतरवा. उतरवला नाही. पगार कापले, खर्च कापला, माणसं कामासाठी फिनलंडला गेली. त्या आकड्याची किंमत माणसांनी मोजली आहे, आणि तरी तो मोडला नाही.

एस्टोनियाची मध्यवर्ती बँक क्रूनच्या नोटा आणि नाणी आजही बदलून देते, कसलीच अंतिम मुदत न ठेवता. तालिनमध्ये गेलात आणि कोइदुलाची शंभरची नोट काउंटरवर ठेवलीत तर ६ युरो ३९ सेंट मिळतील. पण ती अजून अनेक घरांत तशीच ठेवलेली आहे.