ब्रामाचे कुलूप आणि ब्रामाचे दाबयंत्र

लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावरील जोसेफ ब्रामाच्या दुकानात, खिडकीत एक कुलूप अनेक वर्षे टांगलेले होते. हे कुलूप किल्लीविना उघडणारे साधन जो कोणी बनवील त्याला २०० गिनी बक्षीस, असे आव्हान त्याच्यासोबत दिलेले होते. ब्रामाने या रचनेचे पेटंट १७८४ मध्ये घेतले होते. आव्हानाचे कुलूप १७९० च्या सुमाराचे. ते घडविण्यात त्याचा तरुण कारागीर हेन्री मॉडस्ली याचा हात होता.

या कुलपाची किल्ली नळीसारखी असते आणि तिच्या टोकाला कमीअधिक खोलीच्या खाचा असतात. किल्ली आत दाबली की कुलपातील प्रत्येक सरकपट्टी आपापल्या ठरावीक अंतरापर्यंतच सरकते. सर्व पट्ट्यांच्या खाचा एका पातळीत आल्या, तरच आतील नळकांडे फिरते.

हे आव्हान अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन तंत्रज्ञाने ते स्वीकारले. कुलपाला इजा न करता ते उघडायचे होते. हॉब्जने १६ दिवसांत विभागून एकूण ५१ तास काम केले आणि कुलूप उघडले. त्याची युक्ती साधी होती. नळकांड्यावर फिरवणारे बल हलके देत राहायचे. कोणतीही घडाई पूर्णपणे अचूक नसते, म्हणून सर्व पट्ट्या एकाच वेळी अडत नाहीत, एखादी आधी अडते. तीच शोधून सरकवायची, मग पुढची. जोर कमी आणि स्पर्श अधिक, असे हे काम होते.

प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप अडकते तेव्हाही आरंभ असाच करावा. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आतील बारीक फटी बुजतात. अशा वेळी किल्लीवर जोर दिला तर किल्लीच तुटते. कुलपाखाली फडके धरून पातळ तेलाचे थेंब सोडावेत. केशाकर्षणाने तेल फटींत शिरते, पण त्याला वेळ लागतो. नंतर कुलपाची कडी आत दाबून धरून किल्ली हलकेच मागेपुढे फिरवावी. कडी दाबल्याने आतील खिट्टीवरचा ताण, आणि म्हणून घर्षण, कमी होते.

इतके करूनही कुलूप उघडले नाही तर कडी कापावी लागते. हातोड्याचा आघात कडीपुरता राहत नाही. तो कोयंड्यातून दारात आणि तेथून आतील तराजू व काचसामानापर्यंत पोहोचतो. विजेच्या ग्राइंडरच्या ठिणग्या काचेला चिकटतात आणि जवळ स्पिरिट असल्यास आग लागण्याचा धोका असतो.

येथे ब्रामाचेच दुसरे काम उपयोगी पडते. १७९५ मध्ये त्याने पास्कलच्या नियमावर आधारित हायड्रॉलिक प्रेसचे, म्हणजे द्रवचालित दाबयंत्राचे, पेटंट घेतले. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ १ चौ. सेंमी आणि मोठ्याचे २० चौ. सेंमी असेल, तर लहान दट्ट्यावरील १० न्यूटन बलाचे मोठ्यावर २०० न्यूटन होतात. अर्थात लहान दट्टा २० सेंमी सरकावा तेव्हा मोठा १ सेंमी सरकतो. ऊर्जा फुकट मिळत नाही. (घर्षण येथे धरलेले नाही.)

कुलपे कापण्याचे आजचे द्रवचालित कटर याच तत्त्वावर चालतात. त्यांचे दोन जबडे कडीला दोन्ही बाजूंनी समान व विरुद्ध बलांनी दाबतात. ही बले एकमेकांना छेद देतात, म्हणून दारावर फारसा भार येत नाही. ठिणग्यांचा पाऊसही पडत नाही. मात्र तुटलेला तुकडा उडू शकतो. त्यासाठी संरक्षक चष्मा हवा, कडीभोवती जाड कापड हवे आणि काम जाणकाराच्या हातून व्हावे.

वर्गात हे तत्त्व दाखवण्यासाठी २ मिली व २० मिलीच्या बिनसुईच्या सिरिंज पुरेशा आहेत. त्या पाण्याने भरून, हवेचे बुडबुडे काढून, रबरी नळीने जोडाव्यात. दोन विद्यार्थ्यांनी दोन्ही दट्टे एकाच वेळी दाबावेत. कोणाला सहज जिंकता येते, आणि त्याच्या दट्ट्याला किती अंतर जावे लागते, हे त्यांना मोजू द्यावे.